रक्त पातळ करायची गोळी चालू असलेली लेक बाळंतपणाला येते तेव्हा

लेक माहेरी येणार म्हटलं की आपल्याकडं डिंक, खारका, अळीव जमवणं सुरू होतं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जातात. पण तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, किंवा गरोदरपणी पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर या सगळ्याआधी एक काम करा. दवाखान्यातून निघताना कार्डावर डॉक्टरांच्या हातची एक ओळ घ्या : अमुक गोळी चालू असताना अंगावर पाजायला हरकत नाही. गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम, तेही त्यातच. बाळ पाहायला आलेली कुणीतरी म्हणतेच, "त्या गोळ्या चालू हायेत ना, मंग लेकराले दूध कायले पाजता?" मग त्या रात्री एकतर बाळाचं दूध तुटतं, नाहीतर आईची गोळी. झडपवाल्या बाईची गोळी तुटली तर झडपेवरच गुठळी धरू शकते, म्हणून ती ओळ हवी.

म्हणणारीचं अगदीच चुकतं असंही नाही. गरोदरपणात, विशेषतः 6 ते 12 आठवड्यांत, वॉरफॅरिन हे रक्त पातळ करायचं औषध नाळेतून जाऊन गर्भाला इजा करू शकतं. म्हणूनच पुष्कळजणींना तेव्हा पोटावर हेपारिनची इंजेक्शनं देतात. बाळंतपणानंतर तीच गोळी परत आली की घरच्यांना धसका बसतो. पण ही गोळी रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहते, त्यामुळं दुधात जवळजवळ उतरतच नाही. आपल्याकडं जास्त दिली जाणारी अ‍ॅसिनोकुमरॉलही पाजताना चालते. हेपारिनचा रेणू इतका मोठा की दुधात जात नाही. एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपारिनचाच लहान रेणूचा प्रकार, किंचित गेलं तरी बाळाच्या पोटात पचून जातं. रिव्हरोक्साबॅन, एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही नवी औषधं मात्र वेगळी. पाजणाऱ्या बायांमधला अनुभव त्यांचा थोडा आहे, तेव्हा कार्डावर यातलं नाव दिसलं तर बदलून मिळेल का, हे सुट्टी व्हायच्या आधीच विचारा.

आयएनआरची तपासणी, म्हणजे गोळीनं रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तालुक्याला कुठं होते ते आताच शोधून ठेवा. प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. नमुना निळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि नळी रेषेपर्यंत भरावी लागते, अर्धी भरली तर आकडा चुकतो. पायातल्या गुठळीसाठी हा आकडा साधारण 2 ते 3 ठेवतात, झडपेला कधी त्याहून वर. तिचा किती हवा, ते कार्डावर लिहून घ्या. सुरुवातीला तपासणी वारंवार असते, म्हणून एसटीची वेळ पाहून ठेवा. पावसाळ्यात नाला चढला की चार दिवस रस्ता बंद, तेव्हा गोळ्या पंधरा दिवसांच्या तरी जास्त असू द्या. इंजेक्शनं असतील तर आपल्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. फ्रिज नसेल तर डबा बंद करून, पाणी शिरणार नाही असा, माठाच्या गारव्याला ठेवा.

पथ्य सोपं आहे. पालक, मेथी, चवळीची भाजी खावी, पण रोज साधारण तेवढीच. एक आठवडा मेथीचा मारा आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं झालं की आकडा हलतो. पाणी कमी द्यायची आपली जुनी रीत मात्र सोडा; अंग सुकलं आणि बाई पडून राहिली की गुठळीला निमित्त मिळतं. तिला खोलीतल्या खोलीत तरी चालती ठेवा.

कंबर दुखते म्हणून गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून आणू नका. स्नायूतल्या सुईनं आत रक्त साचतं, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल घरात ठेवा. जुलाबावरची मेट्रोनिडाझोलही या गोळीचा जोर वाढवते, म्हणून कुठलंही नवं औषध आधी कार्ड दाखवूनच. काढ्यांचंही तेच.

बाळाचं काय पाहायचं, तर जन्मानंतर व्हिटॅमिन-के टोचल्याची नोंद कार्डावर आहे की नाही. नाळेतून रक्त, अंगावर निळे डाग, लघवीत रक्त दिसलं तर लगेच दवाखाना. आशाताई 42व्या दिवसापर्यंत येऊन जातात. गुठळीचा धोकाही जास्त त्याच सहा आठवड्यांत. म्हणून पहिल्या भेटीतच कार्ड त्यांच्या हातात द्या. एकच पाय सुजला, श्वास लागला किंवा तासाभरात पॅड भिजला, तर 108ला फोन. सकाळची वाट नको.

आणि हे लेकीलाच सांगा, सासूला नव्हे : पाळणा लांबवायला माला-एनची गोळी घेऊ नकोस, तिनं गुठळीचा धोका वाढतो. काय वापरायचं ते डॉक्टरांनाच विचार. अंगावर पाजते म्हणून दिवस जाणार नाहीत असं धरू नकोस, आणि शंका आली की त्याच आठवड्यात तपासून घे.