टुणूक टुणूक मंचावर: भोपळ्यातल्या म्हातारीचा प्रयोग कसा बसवावा

'चल रे भोपळ्या'ची गोष्ट गॅदरिंगला बसवायची म्हटली की सल्ला ठरलेला: थर्माकोलचा भोपळा करा, गाण्याचा ट्रॅक लावा. दोन्ही नको. थर्माकोल दुसऱ्या उडीला तुटतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. एक मूल अडखळलं की पुढची सगळी गोष्ट गाण्यामागे फरफटते. सोलापुरात घराघरात चादर आहे, गल्लीत हलगी आहे, तेवढ्यावर 12 मुलांचा प्रयोग उभा राहतो.

निवेदक, म्हातारी, लेक, लांडगा, वाघ, कोल्हा, भोपळ्याची 4 मुलं, एक हलगीवाला, एक झांजवाला. जातानाचा प्रवेश सोपा आहे. तूपरोटी खाऊन म्हातारी लठ्ठ झाली की पोटाला उशी, वरून पदर.

भोपळ्यासाठी दोन सिंगल चादरी (साधारण 60 बाय 90 इंच) आखूड बाजूंनी एकमेकींना शिवा. 15 फूट घेराचा गोल मिळतो. जाड दोऱ्याचे टाके घाला. पिना उड्यांत उघडतात आणि टोचतात. उंची 5 फूट होते, ती वरून 2 फूट आत दुमडा. आठ-नऊ वर्षांच्या चौघांनी आतून खांद्याशी धरली की खाली जवळजवळ अर्धा फूट पाय दिसतात. ते दिसलेच पाहिजेत. वरून झाकू नका, मधल्या म्हातारीला हवा हवी आणि तिचा आवाज बाहेर यायला हवा.

आता खरी अडचण: भोपळा चालवणं. बहुतेक ठिकाणी मुलांना गोल फिरत पुढे जायला सांगतात आणि तिथेच सगळं कोसळतं. फिरताना दोन मुलं उलट्या पावलांनी जातात, चादर पायात येते. आपला भोपळा टुणूक टुणूक जातो, म्हणजे उड्या मारतो. त्याला फिरवूच नका. चौघांची तोंडं कायम पुढे. ओळ आठ मात्रांत बसवा. 'चल रे भोपळ्या' या पहिल्या चार मात्रा जागेवरच डावी-उजवीकडे डुलायचं, पुढच्या चारांत दोन उड्या, दर 'टु'ला गुडघे वाकवायचे, 'णूक'ला पाय जमिनीवर. उडी फुटाएवढीच. ओळ तीनदा म्हटली की 6 फूट सरकतात. तीन प्राणी त्याच अंतरावर उभे करा.

दुसरी चूक हलगीची. वादकाला चेव आला की लय चढते, थाप पडते तेव्हा मुलं हवेत असतात. म्हणून त्याला पाय दिसतील असं बाजूला, जमिनीवर बसवा. नजर प्रेक्षकांकडे नाही, पायांवर. पाय टेकले की थाप. तालमीत आधी नुसते शब्द आणि टाळ्या, मग उड्या, हलगी सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी हलगी आणलीत तर मुलं उड्या कधीच मोजणार नाहीत.

प्राणी अडवतो तिथे हलगीवाल्याने चामड्यावर तळवा दाबून आवाज तोडायचा. दोन मात्रा शांतता. मगच आतून उत्तर: 'म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक!' हे म्हातारीने एकटीने म्हणू नये, पाचही जणांनी म्हणावं. जाड सुती चादर एकटा आवाज गिळते. ती शांतता खाल्ली तर विनोद गेला.

प्राण्यांना मराठीच बोलायला लावायची गरज नाही. वर्गात तेलुगू आणि कन्नड घरची मुलं असतातच. लांडग्याने 'अव्वा, आगू!' म्हणावं, वाघाने 'अज्जी, निल्लु!'. धृपद मात्र मराठीच ठेवा, लय त्यावर बांधलेली आहे. आणि लांडगा वगळू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो खराखुरा राहतो.

हीच गोष्ट बंगालमध्ये 'लाउ गुडगुड' म्हणत आणि इराणमध्येही घरंगळत्या भोपळ्यातून सांगतात. ते रूप करायचं तर घरंगळणं दाखवावंच लागतं. ते सातवी-आठवीच्या मुलांना द्या, उड्यांऐवजी घसरती पावलं आणि हलगीऐवजी ढोलक घ्या.

चामड्याची हलगी दमट हवेत सैल पडते. प्रवेशाआधी हॉलबाहेर शेकून आणा. लहान खोलीत ती कानठळ्या बसवते, तिथे डिमडी पुरे.