शेवंडीचा पिंजरा : हौशी मासेमारीसाठी खरेदी आणि निगा

शेवंड (लॉब्स्टर) पकडण्याच्या पिंजऱ्यांची किंमत विचारण्याआधी आपल्या किनाऱ्यावर हौशी माणसाला पिंजरा लावण्याची परवानगी आहे का, हे तपासावे. अमेरिकेतील मेन राज्यात हौशी परवान्यावर 5 पिंजरे लावता येतात, मॅसॅच्युसेट्समध्ये 10. मात्र फ्लोरिडात नांग्या नसलेली काटेरी शेवंड हौसेखातर पिंजऱ्याने पकडताच येत नाही आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी फक्त हात किंवा कड्याची जाळी चालते. परवाना मिळत असेल, तर त्यासोबत बोयाचा (पिंजऱ्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा) रंग, पिंजऱ्यावरची खूणपट्टी आणि सुटकेच्या फटीचे माप यांचे नियमही लेखी मिळवावेत, कारण दुकानात मांडलेला प्रत्येक पिंजरा आपल्या पाण्यात चालेलच असे नाही.

आता पिंजरा निवडू. लाकडी पिंजरा दिसायला देखणा असला, तरी लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याला फार काळ टिकू देत नाहीत आणि कोरडा असताना तो सहज बुडतही नाही. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या व वरून प्लास्टिकचा थर चढवलेल्या तारेचा पिंजरा घ्यावा. तारेच्या गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड असते. खडकाळ तळासाठी 12.5 ऐवजी 10.5 गेजची तार बरी, पण वजन वाढते. पिंजरा हाताने ओढायचा असेल, तर चार फुटीचा मोह टाळून तीन फुटी घ्यावा. तळाशी विटा किंवा तत्सम वजन घट्ट बसवलेले आहे ना, हे हलवून पाहावे. हलका पिंजरा लाटांबरोबर सरकतो, दोर खडकात अडकवतो आणि शेवटी हरवतो.

आतल्या रचनेकडे नीट पाहावे. पहिल्या कप्प्यात आमिष असते. तेथून विणलेल्या जाळीच्या नरसाळ्यातून शेवंड दुसऱ्या कप्प्यात जाते. ही जाळी ताणलेली असावी, कारण ती लोंबली तर शेवंडीला आत शिरणे अवघड होते. पिंजरा म्हणजे पक्का तुरुंग, असा समज असतो; पण पाण्याखाली कॅमेरे लावून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात आत शिरलेल्यांपैकी सुमारे 6 टक्केच शेवंडी अखेर पकडल्या गेल्या, बाकीच्या निघून गेल्या. त्यामुळे महागडा पिंजरा घेतला म्हणजे पकड वाढेल, ही अपेक्षा ठेवू नये.

तरीही एक पैसा वाचवू नये अशी जागा आहे, ती म्हणजे सुटकेची सोय. लहान शेवंडी बाहेर पडाव्यात म्हणून एक फट असते; शिवाय एक झडप अशा धाग्याने किंवा तारेने बांधलेली असावी, जी समुद्रात काही काळाने आपोआप कुजेल वा गंजून तुटेल. प्रक्रिया न केलेला सुती किंवा तागाचा धागा यासाठी चालतो. बोया तुटून तळाशी राहिलेला पिंजरा मालकाशिवायही पकडतच राहतो आणि आत मेलेला जीव पुढच्याचे आमिष होतो; हे चक्र ती झडपच थांबवते. तेथे नायलॉन बांधणारा माणूस हुशार नव्हे, निष्काळजी म्हणावा.

दोराची लांबी भरतीच्या वेळच्या खोलीपेक्षा साधारण दीडपट ठेवतात. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, म्हणून पृष्ठभागाजवळ त्याचा सैल भाग होडीच्या पंख्यात सापडतो; वरच्या भागासाठी बुडणारा दोर निवडावा. देवमासे येणाऱ्या भागांत दोराबाबत स्वतंत्र नियम असतात, ते पाळावेत.

निगेचे काम हंगामात रोजचे नसले, तरी प्रत्येक वेळी पिंजरा वर आला की हात फिरवून दोन ठिकाणे पाहावीत : दोर जेथे तारेला घासतो तो भाग आणि दाराचा आकडा व त्याची रबरी पट्टी. दोराचे तंतू फुललेले दिसले, तर तेवढा भाग कापून नवी गाठ मारावी. पुढच्या खेपेवर ढकलू नये, कारण पुढच्या खेपेला पिंजरा तेथे नसतो. दोन-तीन दिवसांत पिंजरा उचलून आमिष बदलावे, आणि मापात न बसणारी शेवंड किंवा अंडी असलेली मादी तत्काळ पाण्यात सोडावी.

जाळीवर शिंपले, बार्नॅकल (घट्ट चिकटून बसणारे कवचधारी जीव) आणि शेवाळ चढले की तारेवर चाकू चालवू नये, कारण थर खरवडला गेला की तेथूनच गंज सुरू होतो. पिंजरा काही दिवस उन्हात वाळवला, की बरेचसे जीव मरून सुकतात. मग मऊ ब्रशने आणि पाण्याच्या फवाऱ्याने ते निघतात. दुरुस्तीसाठी वेगळ्या धातूची कडी वा तार लावल्यास खाऱ्या पाण्यात जस्ताचा मुलामा लवकर झिजतो, म्हणून मूळ पिंजऱ्याच्याच जातीची तार वापरावी. हंगाम संपल्यावर दोर गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावा. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकचे तंतू ठिसूळ होतात. कुजणारा धागा मात्र चांगला दिसत असला, तरी पुढच्या हंगामाआधी बदलून घ्यावा.