मुंबई–लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढावी

समजा, तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १.०० आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पोहोचण्याची संध्याकाळी ६.०० आहे. हा पाच तासांचा प्रवास नाही. दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या आहेत. हिशेब अंतरापासून सुरू करा.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. हीथ्रो ग्रिनिचच्या किंचित पश्चिमेला असल्यामुळे इथे रेखांशांची बेरीज करायची: ७३.३२. वजाबाकी केली, तर उत्तर साठेक किलोमीटरने कमी येतं. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा. तो रेडियनवर राहिला की सगळंच बिघडतं. मग दोन्ही ठिकाणांमधला, पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढा:

साइन १९.०९ × साइन ५१.४७ = ०.२५५८
कॉस १९.०९ × कॉस ५१.४७ × कॉस ७३.३२ = ०.१६९०

बेरीज ०.४२४८. तिचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) ६४.८६ अंश, हाच तो कोन. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून अंतर सुमारे ७,२१० किमी.

हे झालं पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान नेमकं तसं उडत नाही. ही रेषा पाकिस्तान आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना मनाई केली. वळसा किमान ५ टक्के धरा: साधारण ७,५७० किमी. बंदी वाढली की वळसाही वाढतो.

आता वेग. मोठं जेट विमान वरच्या उंचीवर ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला लवकर पोहोचतो, असा समज बराच आहे. तो चुकीचा आहे, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो पश्चिमेकडून पूर्वेला वाहणाऱ्या वरच्या वाऱ्यांमुळे, आणि ते हिवाळ्यात जास्त जोरकस असतात. वारे सरासरी ताशी ५० किमी धरले, तर जाताना वेग ८५० आणि येताना ९५०. म्हणजे जाताना ८ तास ५५ मिनिटं, येताना जवळपास ८ तास. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा यासाठी ३५-४० मिनिटं मिळवा. जाताना साडेनऊ, येताना पावणेनऊच्या आत-बाहेर.

पडताळा तिकिटावर घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. जाताना घड्याळातल्या फरकात हे तास मिळवा, येताना वजा करा. वरचं तिकीट उन्हाळ्यातलं असेल तर ५ + ४.३० = साडेनऊ तास. लंडनहून रात्री ९.०० ला निघून मुंबईत सकाळी १०.१५ ला पोहोचणारं विमान: १३.१५ − ४.३० = पावणेनऊ.

तिकिटावरची वेळ विमान जागेवर उभं राहण्याची असते. इमिग्रेशन आणि सामानासाठी पुढचा तास-दीड तास मोकळा ठेवा. लंडनहून पुढची ट्रेन किंवा बस त्यानंतरचीच घ्या.