दोन्ही टोकं नॅटमागे असताना साइट-टू-साइट व्हीपीएन

साइट-टू-साइट व्हीपीएन म्हणजे दोन ठिकाणची नेटवर्क इंटरनेटवरून सुरक्षित टनेलने (बोगद्याने) जोडणं; नॅट म्हणजे पॅकेट बाहेर जाताना राउटरने त्याचा आतला पत्ता बदलणं. आधी दोन्हीकडच्या राउटरचं स्टेटस पान उघडून वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) बघा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट कंपनीनेच वर आणखी एक नॅट लावलेलं आहे; तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या ठरावीक मशीनकडे वळवणं) करून काही हाती लागत नाही. अशी साइट कनेक्शन सुरू करणारी ठेवा आणि पब्लिक आयपी असलेली ते स्वीकारणारी. दोन्हीकडे हीच गत असेल तर सेटिंगशी झटापट नको; मध्ये पब्लिक आयपीचा एक भाड्याचा सर्व्हर घ्या आणि दोन्ही बाजू त्याला जोडा.

दोन्ही लॅन (आतली नेटवर्क) १९२.१६८.१.०/२४ असतील तर एक बदला. नाहीतर पलीकडचा पत्ता मशीनला शेजारचाच वाटतो आणि पॅकेट गेटवेकडे जातच नाही. पुढे आपण १९२.१६८.१०.०/२४ आणि १९२.१६८.२०.०/२४ धरू.

आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीसाठी आयकेईव्ही२ (दोन्ही टोकांची ओळख पटवून किल्ल्या ठरवणारा प्रोटोकॉल) आणि ईएसपी (डेटा एन्क्रिप्ट करून नेणारा) घ्या. एएच हा दुसरा पर्याय नको: तो आयपी हेडरवरही सही करतो आणि नॅट नेमका तोच बदलतो. ईएसपीला पोर्ट नसतात, म्हणून नॅट दिसताच दोन्ही टोकं त्याला यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळतात. स्वीकारणाऱ्या बाजूच्या राउटरवर यूडीपी ५०० आणि ४५०० व्हीपीएन गेटवेच्या स्थिर पत्त्याकडे, समजा १९२.१६८.१०.२ कडे, वळवा. यादीत चुकून टीसीपी निवडलं जातं, ते तपासा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती ओळख. गेटवे स्वतःला १९२.१६८.१०.२ म्हणवतो, समोरचा पब्लिक आयपीची वाट बघतो आणि ऑथेंटिकेशन फेल होतं. म्हणून दोन्हीकडे आयडी आयपी न ठेवता नाव ठेवा आणि ते अक्षर न् अक्षर जुळवा.

नॅट-टी (यूडीपी ४५०० मधली ही गुंडाळणी) कीपअलाइव्ह, म्हणजे नोंद जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट, दर २० सेकंदांनी ठेवा. वाहतूक थांबली की राउटर यूडीपीची नोंद पुसतो आणि बाहेरून येणारं पॅकेट दारातच अडतं.

टनेल वर आलं, पण पिंग जात नाही? बहुतेक वेळा दोष मास्करेडचा, म्हणजे गेटवेवरच्या नॅट नियमाचा. पॅकेटचा सोर्स पत्ता आधीच बदलतो, मग ते टनेलच्या पॉलिसीत बसत नाही आणि थेट इंटरनेटकडे निघतं. एका लॅनकडून दुसऱ्या लॅनकडे जाणाऱ्या पॅकेटना सूट देणारा नियम मास्करेडच्या वर टाका. खाली टाकलेला कधीच लागू होत नाही. गेटवेवर आयपी फॉरवर्डिंग चालू हवं. गेटवे हाच डिफॉल्ट राउटर नसेल, तर राउटरवर १९२.१६८.२०.०/२४ साठी १९२.१६८.१०.२ असा स्टॅटिक राउट हवा, आणि पलीकडेही तसाच उलटा.

पिंग जातं, पण मोठी फाइल अडकते, तेव्हा संशय एमटीयूचा (वाटेत मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचा). टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) दोन्हीकडे १३६० वर बांधा.

तरीही जुळत नसेल तर स्वीकारणाऱ्या गेटवेवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. ५०० वर काहीच आलं नाही, तर फॉरवर्डिंग चुकलंय. ५०० वर दोन्हीकडून बोलणं झालं आणि ४५०० वर शांतता असेल, तर दुसरा पोर्ट राहिलाय. सर्टिफिकेट वापरत असाल तर मोठं पॅकेट तुकडे होऊन वाटेत गळालेलंही असू शकतं, तेव्हा आयकेई फ्रॅगमेंटेशन चालू करा. ४५०० वर उत्तर येऊनही नकार मिळत असेल, तर आयडी किंवा की पुन्हा बघा.