पाळी गेल्यानंतर हार्मोनची औषधं: या चुका टाळा

‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ एवढं एक वाक्य कानावर पडलेलं असतं. मग कित्येक जणी रात्री घामाने भिजून उठतात, वर्षानुवर्षं अर्धवट झोपेवर काढतात, पण डॉक्टरांकडे विषयच काढत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

ही भीती बरीचशी २००२ सालची. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांना इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर शरीरात कमी होणारं स्त्री-हार्मोन) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध) यांच्या एकत्र गोळ्या किंवा औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर गेली. आकडा खरा होता. पण टक्केवारीवरून निर्णय घेणं ही पहिली चूक. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना होणारा हा कॅन्सर औषध घेणाऱ्यांत ३८ जणींना झाला. त्या आठ जणी क्षुल्लक नाहीतच, पण विचार करायचा तर ३० आणि ३८ हे दोन्ही आकडे समोर हवेत. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. औषधाचा प्रश्न बहुतेकींना पन्नाशीच्या आसपास पडतो. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, अंगातून अचानक गरम वाफा येण्याचा खूप त्रास असेल आणि इतर अडचण नसेल, तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं.

दुसरी चूक जास्त घातक आहे. प्रोजेस्टेरॉनने सुस्ती येते, पोट फुगतं, म्हणून तेवढीच गोळी परस्पर बंद करायची आणि इस्ट्रोजेन चालू ठेवायचं. गर्भाशय असेल तर असं कधीही करू नका. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. गोळी सोसत नसेल तर प्रकार बदलता येतो, घेण्याची पद्धतही बदलता येते. डॉक्टरांना तसं सांगा. गर्भाशय काढलेलं असेल तर मात्र सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं.

गोळी, पॅच, जेल सगळं सारखंच, हाही गैरसमज. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. नेहमीच्या मात्रेत पॅच किंवा जेलने त्वचेवाटे घेतलं तर तो वाढल्याचं दिसत नाही. योनीमार्गातल्या कोरडेपणासाठीचं कमी मात्रेचं क्रीम तर रक्तात फारच थोडं उतरतं.

हृदयविकार टाळायचा एवढ्याच हेतूने हार्मोन सुरू करू नका. पूर्वी स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा आजार झाला असेल, तर विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.

पाळी पंचेचाळिशीच्या आतच गेली असेल, तर वरचे आकडे स्वतःला लावू नका. इथे औषध न घेण्यातच हाडांना आणि हृदयाला धोका असतो. म्हणून अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत ते घ्यायला सांगतात.

आणि रक्तस्राव. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एखादा डाग जरी दिसला तरी तपासून घ्या. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत थोडं डागणं नेहमीचं असतं, तरी तारखा लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. ते थांबत नसेल किंवा जास्त असेल, तर त्या भेटीची वाट पाहू नका.