बॅकयार्डमधलं छोटं घर: आधी ड्रेनेज बघा
कॅलिफोर्नियात आईबाबांसाठी मागच्या अंगणात एडीयू (म्हणजे मेन घराच्याच जागेत वेगळं छोटं घर) बांधायचा विचार असेल तर किचनच्या टाइल्स वगैरे नंतर बघा, आधी मेन घराची सीवर लाइन कुठून जाते आणि किती खोल आहे ते शोधा. प्लंबरकडून लाइनमध्ये कॅमेरा टाकून घ्या सरळ. पाइपला साधारण दर फुटाला पाव इंच उतार लागतो, म्हणजे युनिट ६० फूट लांब नेलं की १५ इंच उतार झाला आणि जुनी लाइन तेवढी खोल नसेल तर पंप बसवा, मग तो बिघडला की रात्री अकराला कोण बघणार! त्यापेक्षा युनिटच थोडं जवळ सरकवा, प्लॉटच्या हद्दीपासून बाजूला आणि मागे ४ फूट सोडले की सहसा पुरतं.

साइज ७५० स्क्वेअर फुटांच्या आत ठेवा, इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामावर शहर लावतं ती फी) लागत नाही. आणि बाथरूमचा दरवाजा ३६ इंची, शॉवरला उंबरा नको. बाबा आज म्हणतील कशाला एवढं, गुडघे दुखायला लागले की कळतं.