जपानी मल्ल आणि अमेरिकी कंपन्या : या विषयावर लिहू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

जपानी भाषेची एन-३ किंवा एन-२ परीक्षा दिलेली आणि लहानपणापासून डब्ल्यूडब्ल्यूई पाहत आलेली मुले-मुली मला अधूनमधून विचारतात, की अमेरिकी कुस्ती कंपन्या जपानी मल्लांना कशी वागणूक देतात या विषयावर लिहायला सुरुवात कुठून करावी. दिवसा मी यंत्रसामग्रीच्या पुस्तिकांची जपानीतून भाषांतरे करतो आणि रात्री या विषयावर लिहितो. त्यातल्या दुसऱ्या कामातून आजही घरभाडे निघत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हील, फेस, बुकिंग, प्रोमो या शब्दांचे अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत, असे मी गृहीत धरतो. घरातले कुणी कोल्हापूरकडचे असतील तर ते हा सारा प्रकार नुरा कुस्ती म्हणून मोडीत काढतील. त्यांच्याशी वाद घालू नका. निकाल आधी ठरलेला असतो म्हणूनच तर हा विषय अभ्यासण्याजोगा आहे, कारण कुणाला, कधी आणि कुणासमोर चितपट करायचे हे कुणीतरी कार्यालयात बसून ठरवलेले असते आणि त्या निर्णयातच वागणूक दिसते.

ज्या सापळ्यात मी सर्वांत जास्त काळ अडकून पडलो, तो म्हणजे पट्टे मोजणे. कोणत्या जपानी मल्लाला कोणते अजिंक्यपद किती दिवस मिळाले याचा तक्ता करायचा, बेरीज मोठी आली तर वागणूक चांगली आणि लहान आली तर वाईट, असा निष्कर्ष काढायचा. हे इतके सोपे आणि इतके नेटके दिसते, की त्यात काही चुकत असेल अशी शंकाच येत नाही. म्हणून याविषयी थोडे पाल्हाळ लावतो, ते सहन करा.

जायंट बाबांचे उदाहरण घ्या. एनडब्ल्यूए या संघटनेचे जागतिक अजिंक्यपद त्यांनी तीनदा जिंकले, १९७४, १९७९ आणि १९८० साली. तक्त्यात ही नोंद झगझगीत दिसते. प्रत्यक्षात तिन्ही वेळा ते अजिंक्यपद जपानमध्येच जिंकले गेले आणि आठवड्याभरातच जपानमध्येच परत अमेरिकी मल्लाकडे गेले. बाबा हे नुसते मल्ल नव्हते. १९७२ साली स्थापन झालेल्या ऑल जपान या कंपनीचे ते मालक होते आणि ती कंपनी एनडब्ल्यूएची सदस्य होती. म्हणजे तो पट्टा एका अमेरिकी व्यवसायसंघाने आपल्या जपानी भागीदाराला, त्याच्या दौऱ्याची तिकिटे खपावीत म्हणून, काही दिवस वापरायला दिला होता. मालक बाबांना मिळालेली ही वागणूक मल्ल बाबांच्या खात्यावर मांडली, की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

अंतोनियो इनोकींचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी तोकुशिमा येथे त्यांनी बॉब बॅकलंडला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे, अजिंक्यपद जिंकले. परतीच्या लढतीचा निकाल वादात सापडला, इनोकींनी पट्टा सोडला आणि अमेरिकेत बॅकलंडची कारकीर्द अखंड असल्याचेच दाखवले गेले. त्या अजिंक्यपदाच्या अधिकृत यादीत इनोकींचे नाव आजही नाही, आणि त्याच कंपनीने २०१० साली त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले. आता या दोन गोष्टी तुमच्या तक्त्यात कशा बसवणार? गंमत अशी, की त्याच काळात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पडद्यावरचे अध्यक्ष म्हणून हिसाशी शिन्मा यांचे नाव होते आणि ते इनोकींच्या न्यू जपान कंपनीतले होते. मान आणि नकार एकाच करारातून येत होते. तात्सुमी फुजिनामींनी मार्च १९९१ मध्ये टोकियो डोममध्ये रिक फ्लेअरला हरवले, तेव्हाही जपानमध्ये एक निकाल सांगितला गेला आणि अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीने फ्लेअरलाच आपला विजेता मानणे चालू ठेवले.

जुनी उदाहरणे नकोत, असे कुणी म्हणेल. २८ जानेवारी २०१८ रोजी डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉयल रंबलची, म्हणजे अनेक मल्लांच्या एकत्र झुंजीची, पुरुषांची लढत शिन्सुके नाकामुराने आणि महिलांची, इतिहासातली पहिलीच, असुकाने जिंकली. त्या रात्री मी पट्ट्यांच्या तक्त्यावर भिस्त ठेवून एक हर्षभरित लेख लिहिला असता, तर एप्रिलपर्यंत तो शिळा झाला असता, कारण रेसलमेनिया ३४ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात दोघेही हरले. असुकाची ९१४ दिवसांची अपराजित वाटचाल शार्लट फ्लेअरसमोर संपली. एजे स्टाइल्सकडून हरलेल्या नाकामुराने लढतीनंतर त्याच्यावर कमरेखाली वार केला, तो खलनायक झाला, आणि त्यानंतरच्या मुलाखतींत त्याच्या तोंडी ‘मला इंग्रजी येत नाही’ हे पालुपद आले. एवढ्या मोठ्या विजयाचा उपयोग अखेर कुणाला उंच करण्यासाठी झाला, हा प्रश्न पट्टा किती दिवस कमरेला होता या प्रश्नापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

आणि उलटही होते. १ जानेवारी २०२३ रोजी निप्पोन बुदोकानमध्ये नाकामुरा ग्रेट मुताशी लढला. डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या करारातल्या मल्लाला दुसऱ्या कंपनीच्या, म्हणजे जपानच्या नोआच्या, कार्यक्रमात लढायला पाठवले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुतासाठी ही मोठी गोष्ट होती. त्या रात्री कोणताही पट्टा पणाला लागलेला नव्हता, म्हणून माझ्या जुन्या तक्त्यात तिला जागाच मिळाली नसती.

मग पाहायचे काय? माझ्या मते नाव, आवाज आणि परतीची वाट. डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या मल्लांना स्वतंत्र कंत्राटदार म्हणते, त्यांना दुसरीकडे सहसा लढू देत नाही, आणि तिथे दिलेले नाव बहुधा कंपनीच्या मालकीचे असते. नोआमध्ये नाव कमावून २०१४ साली गेलेला केंटा तिथे हिदेओ इतामी झाला. खांद्याच्या गंभीर दुखापतीने त्याची वाट अडवली हे खरेच आहे, पण २०१९ मध्ये सुटका झाल्यावर न्यू जपानमध्ये तो पहिल्या दिवसापासून पुन्हा केंटा म्हणूनच उभा राहिला. नाव त्याने जपानमध्ये राखले होते, म्हणून परतीची वाट मोकळी होती. कायरी सेन २०२० मध्ये जपानला परतली, स्टारडम या महिलांच्या जपानी कंपनीत लढली, आयडब्ल्यूजीपी या न्यू जपानच्या पट्ट्याचे पहिले महिला अजिंक्यपद जिंकले आणि २०२३ मध्ये पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूईत आली. अशा येण्या-जाण्याला ‘अमेरिकेत अपयश’ असे शीर्षक देणारे लेख मी अनेक वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांना जपानी बाजारपेठ ही स्वतंत्र आणि स्वाभिमानी बाजारपेठ आहे याचा पत्ताच नसतो.

कझुचिका ओकादाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. न्यू जपानमध्ये तरुण मल्लांना शिकण्यासाठी परदेशी पाठवण्याची प्रथा आहे आणि त्या प्रथेनुसार २०१० साली ओकादा टीएनए या अमेरिकी कंपनीत गेला. तिथे त्याला मुखवटा चढवून, ओकाटो असे नाव देऊन, समोआ जोचा मदतनीस करण्यात आले. ग्रीन हॉर्नेट या अमेरिकी काल्पनिक नायकाचा साथीदार काटो हा त्यामागचा नमुना. तो जपानला परतला आणि १२ फेब्रुवारी २०१२ रोजी हिरोशी तानाहाशीला हरवून न्यू जपानचे सर्वोच्च अजिंक्यपद त्याने पटकावले. माणूस तोच होता, मधला अवधी फारसा नव्हता. पुढे २०२४ मध्ये तोच ओकादा एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकी कंपनीत गेला तेव्हा स्वतःच्या नावाने आणि तारा म्हणून गेला.

आवाजाविषयी अधिक लिहायला हवे, कारण जपानी जाणणाऱ्याचे भांडवल तिथेच आहे. २००० च्या सुमारास डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ताका मिचिनोकू आणि फुनाकी यांच्या बोलण्यावर मुद्दाम बेढब इंग्रजी आवाज चढवला जाई आणि ओठांशी न जुळणारे ते बोल ऐकून प्रेक्षक हसत. ती थट्टा जुन्या डब केलेल्या चित्रपटांची होती असे समर्थन करता येते आणि फुनाकी त्यातून लोकप्रिय झाला हेही खरे. तरीही दोन कसलेल्या मल्लांचे स्वतःचे शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. याउलट ओसाकाची असुका माइक हातात आला की भरधाव जपानीत बोलते, खाली अनुवाद नसतो, आणि अमेरिकी प्रेक्षक अर्थ न कळताही तिच्या बाजूने ओरडतात. ती नेमके काय म्हणाली हे तुम्हाला कळते. अमेरिकेत बसून लिहिणाऱ्या बहुतेकांना कळत नाही. ही कमाई परीक्षेच्या प्रमाणपत्रापेक्षा मोठी आहे, तेव्हा धीर सोडू नका.

येथेच आडवाटांविषयी माझे मत सांगतो, ते कुणाला कडू लागले तरी चालेल. टोकियो स्पोर्ट्स या जपानी वृत्तपत्रातली एखादी ओळ इंग्रजी चाहत्याच्या अनुवादातून अमेरिकी बातमीत जाते, तिथून हिंदी यूट्यूबवर येते आणि अखेर मराठी मजकुरात ‘नाकामुराचा संताप’ म्हणून प्रकटते, तोवर मूळ मुलाखतीतला विनोद मेलेला असतो. जिथून साखळी सुरू होते तिथे जा. यंत्रानुवादावर उभा केलेला लेख मी पहिल्या परिच्छेदात ओळखतो. मार्गदर्शकांचेही तसेच. ‘हा सगळा वंशद्वेष आहे’ असे एका वाक्यात सांगणारा आणि ‘हा सगळा धंदा आहे’ असे एका वाक्यात सांगणारा, दोघांनाही लांबून नमस्कार करा. मला दोन्ही प्रकारचे गुरू भेटले आणि दोघांनीही मला अभ्यास न करण्याचे कारण पुरवले.

यादी करताना आणखी एक खबरदारी घ्या, कारण ‘जपानी’ म्हणून दाखवलेले कित्येक मल्ल जपानचे नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी प्रेक्षकांना कपटी जपानी खलनायक हवा होता आणि ती भूमिका ऑरेगॉनमध्ये जन्मलेल्या ग्रेट टोगोने वठवली. डोळ्यांत मीठ फेकणारा मिस्टर फुजी आणि त्याचा जोडीदार प्रोफेसर तानाका हे दोघे हवाईचे. ट्रम्प कार्डांच्या खेळात वजनाच्या आकड्यावर आपल्याला डाव जिंकून देणारा योकोझुना हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला सामोअन वंशाचा अमेरिकन होता, आणि ४ जुलै १९९३ रोजी इंट्रेपिड या युद्धनौकेवर लेक्स लुगरने त्याला उचलून आपटले तेव्हा आपटला गेला तो प्रत्यक्षात एक पोशाख. खरा जपानी किलर खान मात्र मंगोल म्हणून दाखवला गेला. हा पोशाख आधी शिवून तयार होता आणि जपानहून येणाऱ्यांना नंतर त्यात कोंबले गेले, हे ध्यानात आले की नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

महिलांचा इतिहास या पोशाखातून बऱ्याच अंशी सुटला. जानेवारी १९८८ च्या रॉयल रंबलमध्ये जम्पिंग बॉम्ब एंजल्स या जपानी जोडीने महिला जोड्यांचे अजिंक्यपद जिंकले ते प्रेक्षकांच्या लाडक्या म्हणून, शत्रू म्हणून नव्हे. एईडब्ल्यूची पहिली महिला अजिंक्यवीर २०१९ मध्ये रिहो झाली आणि पुढे हिकारू शिदाने तेच पद वर्षाहून अधिक काळ सांभाळले.

न्याय करायचा तर जपानकडेही पाहावे लागते. रिकिदोझानने १९५० च्या दशकात जपानला वेड लावले ते धिप्पाड गोऱ्या मल्लांना लोळवून. तो स्वतः कोरियात जन्मलेला होता आणि ही गोष्ट त्याच्या हयातीत झाकून ठेवली गेली. पंजाबात जन्मलेला टायगर जीत सिंग जपानमध्ये तलवार तोंडात धरून येणारा हिंस्र परदेशी म्हणून गाजला. आपल्या बाजूलाही लाजिरवाणे पान आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये जिंदर महल या पंजाबी वंशाच्या कॅनेडियन मल्लाच्या तोंडी नाकामुराच्या चेहऱ्याची आणि उच्चारांची टवाळी घालण्यात आली, तेव्हा अमेरिकी प्रेक्षकांतूनच ‘हे अती झाले’ अशा घोषणा उठल्या. भारतीय बाजारपेठेसाठी पुढे आणलेल्या मल्लाला जपानी मल्लावर सोडण्यात आले होते. भारतीय चाहत्यांच्या गटांत मात्र त्या आठवड्यात महलच्या पट्ट्याचाच जल्लोष चालला होता.

मानधनाविषयी थोडक्यात: रक्कम आणि तारीख लेखी घेतल्याशिवाय मजकूर पाठवू नका. एका संकेतस्थळाने माझे सलग काही लेख छापून पैसे बुडवले आणि ‘तुमचे नाव तर झाले’ असे उत्तर दिले. छायाचित्रे जपानी मासिकांतून उचलू नका, त्या कंपन्या याबाबतीत कडक असतात.

सुरुवातीचा सराव म्हणून रेसलमेनिया ३४ मधली असुकाची लढत आणि २०२५ च्या रेसलमेनिया ४१ मधली इयो स्कायची तिहेरी लढत निवडा. दोन्हींच्या आधीचे सहा आठवडे पाहा आणि जपानी मल्ल पडद्यावर किती मिनिटे आहे, त्यातली किती मिनिटे स्वतः बोलते, तिच्याविषयी दुसरेच कोण बोलते आणि समालोचक तिचे नाव घेताना पुढे कोणते विशेषण लावतात, हे घड्याळ लावून वहीत उतरवा. इयो विजेती म्हणून गेली होती, तरी कथानकात सगळे लक्ष रिया रिप्ली आणि बियांका बेलेअर यांच्या भांडणाकडे होते आणि ‘मला कुणी मोजतच नाही’ हीच तिची कथा झाली. शेवटी जिंकली तीच. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात दोन-तीन रविवार जातात. लेखाचे पहिले वाक्य त्यानंतर लिहा.